अकरा नंबरची परीक्षा

अमेरिकेहून आल्यावर जो तो विचारतो, काय काय पाहिलंत? नायगारा पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही नाही. मी पाहिलं ते पिट्सबर्गजवळचं हमरस्त्यालगतचं एक हॉटेल, एका चर्चचं तळघर आणि अर्विंगमध्ये दर शनिवारी भाड्याने घेतला जाणारा एक हॉल. सात आठवड्यांत एवढंच. पण तेवढ्यात मी जे करून बसले ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझी ओळख. नागपुरात गेली छत्तीस वर्षं मी कथकचा वर्ग चालवते, आणि बावीस वर्षं परीक्षक म्हणून विदर्भभर हिंडते. स्वभावाने बोलकी आहे. जरा जास्तच, असं माझी धाकटी बहीण शोभा म्हणते. शोभा लग्न करून तिकडे गेली त्याला तीस वर्षं झाली. तिची मुलगी मृणाल तिकडेच जन्मली, आता सत्तावीस वर्षांची आहे, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि सातव्या वर्षापासून आयरिश नाच शिकते. सख्ख्या मावशीचा कथकचा वर्ग असताना पोरगी दुसऱ्याच कुणाचा नाच शिकते, हे मी बरीच वर्षं मनाला लावून घेतलं होतं.

अर्विंग

टेक्सासातल्या अर्विंगमध्ये राहताना परदेशात आहोत हे विसरायला होतं. पाच मिनिटांवरच्या दुकानात गवार मिळते, कढीपत्ता मिळतो, आणि लोणच्याच्या फळीसमोर दोन पुणेकर भांडताना ऐकू येतात. ऑक्टोबर होता, तरी ऊन आपल्या चैत्रासारखं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शोभाच्या स्वयंपाकघरात बेसनाचे लाडू वळले. त्यातले बारा एका डब्यात घालून बाजूला ठेवले. ते लाडू पुढे येतील.

शनिवारी मृणाल मला तिच्या वर्गाला घेऊन गेली. सोळा मुली, सहा ते चौदा वर्षांच्या. पाठ ताठ, हात शरीराला चिकटलेले, मुठी मिटलेल्या, आणि सगळं जे काय चाललंय ते कमरेखाली. पायात फायबरच्या टाचांचे जड बूट. मी पहिल्यांदा मनात म्हटलं, हात बांधून कसला नाच? मग एका आठ वर्षांच्या पोरीने फळीवर जिग नावाच्या त्यांच्या नाचप्रकाराचे ठेके वाजवले आणि मी डोळे मिटून घेतले. लय पक्की होती. डोळे मिटल्यावर मला घुंगरांची आठवण येईल असं वाटलं होतं, तशी ती आली.

दाराशी खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. नाकाला प्राणवायूची नळी, शेजारी चाकांचं छोटं सिलिंडर. त्या मॉरीनबाई. वय चौऱ्याहत्तर. मूळच्या आयर्लंडच्या, नवऱ्याबरोबर टेक्सासला आल्या आणि चाळीस वर्षं हा वर्ग चालवला. मृणाल त्यांची विद्यार्थिनी. आता फुप्फुसं थकली होती, म्हणून शिकवायची मृणाल. त्यांची मुलगी दूर रेडमंड गावी असते, ती कधीची मागे लागली होती की आई, आता माझ्याकडे चल. मॉरीनबाई जात नव्हत्या, त्याचं कारण म्हणजे त्यांच्या नाचाचा कारभार.

तो कारभार मृणालने मला घरी जाताना गाडीत समजावला. या नाचाचं मुख्य मंडळ डब्लिनला आहे. जगात कुठेही शिकवायचं असो, शिक्षिकेकडे त्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मूल स्पर्धेला उभं राहतं ते अशा शिक्षिकेच्या नावावर. वर्ग चालू असताना ती शिक्षिका तिथे हजर हवी. आणि मुलीने एक वर्ग सोडून दुसरा धरला, तर सहा महिने तिला स्पर्धा बंद.

"म्हणजे मॉरीनबाई गेल्या की वर्ग बंद?" मी विचारलं.

"हो. सोळाजणी सोळा ठिकाणी जाणार, आणि सिक्स मन्थ्स कोणीच कॉम्पिट करणार नाही. अनलेस आय पास."

मृणालची शिक्षिकेची परीक्षा दोन आठवड्यांवर होती, पिट्सबर्गला. पास झाली तर वर्ग तिच्या नावावर होणार आणि मॉरीनबाई नाताळच्या आधी लेकीकडे जाणार. तिकडचं घर तयार होतं, डॉक्टरही ठरला होता.

घरी पोचल्यावर मी म्हटलं, "मग मी येते तुझ्याबरोबर परीक्षेला." मृणालने शोभाकडे पाहिलं. शोभा भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

पिट्सबर्ग

विमानतळावरून भाड्याच्या गाडीने जाताना दोन्ही बाजूंच्या टेकड्या तांबड्या-पिवळ्या झालेल्या. मी खिडकीला नाक लावून बसले होते. मृणाल गाडी चालवताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. सामूहिक नाचांचं एक पुस्तक असतं, तीस नाचांचं, आणि कोणत्या मात्रेला कोणती जोडी कुठे उभी असेल ते सगळं पाठ लागतं. मला माझी विशारदची परीक्षा आठवली. तेव्हा मीही अशीच तोडे पुटपुटत एसटीने गेले होते.

हॉटेलच्या दाराशी गाडी थांबवून ती म्हणाली, "मावशी, एक गोष्ट. इथे माझं नाव, मिस मॉरीनचं नाव, टेक्सास, काही बोलायचं नाही. कोणाशीच. मी फक्त नंबर आहे."

"हो गं."

"सीरियसली, मावशी."

"अगं हो म्हटलं ना."

तिचा नंबर अकरा. कार्डावर छापलेला, मानेला अडकवायचा.

परीक्षा दोन दिवसांची. शुक्रवारी लेखी, मग संगीत, मग स्वतः नाचून दाखवायचं. संगीताचं मला नवल वाटलं. अकॉर्डियनवाला दोन-चार ओळी वाजवणार आणि उमेदवाराने सांगायचं की ही चाल रीलची, ही जिगची, हिचा ताल अमुक, आणि ही अमुक नावाची जुनी चाल. शनिवारी शिकवण्याची परीक्षा. गावातल्या मुली बोलावलेल्या असतात, त्यांना तिथल्या तिथे एक नवी पदरचना शिकवायची, आणि तीन परीक्षक बघत बसणार. आपल्याकडे नाचता आलं की शिकवता येतं असं धरून चालतात. माझ्या बावीस वर्षांत मी एकाही मुलीला 'शिकवून दाखव' असं म्हटलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मृणाल आली ती चेहरा फुललेला. "चांगलं गेलं," एवढंच म्हणाली आणि बर्फाच्या पिशवीत घोटा ठेवून टीव्ही न लावता बसली. मी तिचे पाय दाबून दिले. तळव्याला घट्टे होते, जागा वेगळ्या पण माझ्यासारखेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ती माझ्या घराण्यातली वाटली, आणि तसं मी तिला सांगितलंही. ती हसली.

शनिवारी सकाळी ती उपाशीच सरावाला गेली. मी खाली नाश्त्याला गेले, पर्समध्ये लाडवांचा डबा. हॉटेलच्या नाश्त्याला बटाट्याचे चौकोनी तुकडे, थंडगार खरबूज आणि पुठ्ठ्यासारखी वॉफलं. बाजूच्या टेबलावर एक गृहस्थ चहा घेत होते. पासष्टीचे, पाठ काठीसारखी सरळ, समोर काळी फाइल आणि टेबलाखाली पाय आपोआप ठेका धरतोय. मी ओळखलं. परीक्षक कुठलाही असो, सकाळी त्याच्या चेहऱ्यावर एक कंटाळा असतो, तो मी आरशात पाहिलेला आहे.

मी म्हटलं, मीही नाचाची परीक्षक आहे, भारतात. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. छान बोलणं झालं. लय चुकलेली आधी कानाला कळते की डोळ्याला, यावर आमचं एकमत झालं. मी डबा उघडला. त्यांनी लाडू घेतला, वास घेतला, अर्धा खाल्ला आणि विचारलं, यात काय काय आहे? मी सांगितलं. मग मी म्हटलं, माझी भाची आज आहे. टेक्सासची, मॉरीनबाईंची विद्यार्थिनी. बाई फार आजारी आहेत, ही पास झाली तरच त्यांची सुटका. अकरा नंबर.

त्यांनी उरलेला अर्धा लाडू कागदी रुमालावर ठेवला.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला आता वर जाऊन हे कळवावं लागेल. माफ करा." फाइल उचलून ते गेले. माझ्या हातात चमचा तसाच राहिला.

पाऊण तासाने आम्हा दोघींना एका छोट्या खोलीत बोलावलं. परीक्षामंडळाच्या प्रमुख पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं. ते गृहस्थ या उमेदवाराला तपासू शकत नाहीत. शिकवण्याच्या परीक्षेला तीन परीक्षक लागतात, राहिले दोन. त्यांच्या जागी दुसरा आज मिळणार नाही. उमेदवाराचा दोष नाही, तशी नोंद केली आहे, कालचे तिन्ही भाग ग्राह्य धरू. शिकवण्याची परीक्षा पुढच्या सत्रात, एप्रिलमध्ये.

मृणालने एकच विचारलं, "कोणी सांगितलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते त्यांचं सौजन्य. मीच म्हटलं, "मी सांगितलं, बाळा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये काळे कपडे घातलेल्या लहान मुली रांगेत उभ्या होत्या, उमेदवारांनी शिकवायला. मृणाल त्यांच्या समोरून गेली, गळ्यातलं अकराचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

स्टेट कॉलेज

परतीचं विमान रविवारी रात्रीचं होतं. रविवारचा दिवस स्टेट कॉलेजला जायचं आधीच ठरलेलं होतं, तिचं लहानपण तिथे गेलं म्हणून. मला वाटलं, आता हे रद्द करेल. नाही केलं. तीन तास गाडीत ती बोलली नाही आणि मीही नाही, म्हणजे विचार करा. मधे एका पेट्रोल पंपावर शोभाचा फोन आला. मी म्हटलं, "अगं, जीभ घसरली माझी." मृणाल बाहेर पेट्रोल भरत होती.

ते खोटं होतं. जीभ घसरली नव्हती. टेबलाजवळ बसताना माझ्या मनात होतं की एक शब्द कानावर घातला तर काय बिघडतं. आपल्याकडे असंच चालतं. परीक्षकाला स्टेशनवरून घ्यायला वर्गाच्या बाई स्वतः येतात. मुक्काम बाईंच्या घरी. जेवताना एकेका मुलीची माहिती पानात वाढली जाते, ही फार कष्टाळू, हिचे वडील नाहीत, ही माझी स्वतःची भाची. मी बावीस वर्षं ती माहिती जेवत आले. अमरावतीला एका वर्षी मी तिथल्या बाईंच्या लेकीला पहिली आणली. दुसरी आलेली मुलगी जास्त चांगली नाचली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तिचे घुंगरू जुन्या साडीच्या काठाने बांधलेले होते आणि तिच्या बाईंनी डबा पाठवला नव्हता. त्या मुलीचं नाव मला आठवत नाही, याची मला आज लाज वाटते.

स्टेट कॉलेज हे विद्यापीठाचं गाव. पाठीवर बॅगा अडकवलेली पोरं, निळ्या बसेस, पानांचा खच. अर्विंगला जाण्याआधी मृणालचे बाबा इथे पीएच.डी. करत होते. एका चर्चपाशी तिने गाडी थांबवली. तळघराचं दार उघडं होतं, आत दोन आजोबा खुर्च्या मांडत होते. त्यांनी हात हलवून 'या' म्हटलं. लाकडी जमीन, छताला पाईप, ओलसर वास.

"इथे सुरू केलं मी," ती म्हणाली. "आईला ड्रायव्हिंग येत नव्हतं. बस इथेच थांबायची. देअर वॉज नथिंग एल्स."

मला हे माहीत नव्हतं. मी वीस वर्षं समजत होते की पोरीने कथकला नाक मुरडलं.

"मृणाल, मला माफ कर. मी मुद्दाम सांगितलं त्यांना. तुला मदत व्हावी म्हणून."

"आय नो." ती भिंतीला टेकून उभी होती. "मावशी, पूर्ण फेशमध्ये मी एकटी ब्राउन असायचे." फेश म्हणजे त्यांची स्पर्धा. "विग, ड्रेस, सगळ्यांसारखं. पण चेहरा तर दिसतोच ना? म्हणून मला तो नंबर आवडायचा. नंबर म्हणजे, नाव नाही, कुठली आहेस नाही, फक्त पाय बघा. तू त्यांना सगळं सांगितलंस. काल मी पास झाले असते तर मला कधीच कळलं नसतं की मी कशामुळे झाले."

ती रडली नाही, मी रडले. त्यातल्या एका आजोबांनी मला खुर्ची आणून दिली.

पुन्हा अर्विंग

मॉरीनबाईंना मीच सांगणार, असं मी म्हटलं आणि मृणालने अडवलं नाही. शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. शाळेतल्या पोरीसारखे माझे हात पुढे बांधलेले होते. सगळं सांगितलं, लाडवासकट. त्यांचं बोलणं मला आठवतं तसं मराठीत देते.

"त्याने खाल्ला का?"

"अर्धा."

"उरलेला ठेवला?"

"रुमालावर."

त्यांनी मान हलवली. "बरोबर केलं त्याने. मीही परीक्षा घेतल्या आहेत. मी तर दिलेलाच घेतला नसता." मग थोडा श्वास घेऊन म्हणाल्या, "एप्रिल म्हणजे सहा महिने."

"हो."

"फोन द्या माझा."

त्यांनी माझ्यासमोर रेडमंडला लेकीला फोन लावला. मी बाजूला व्हायला लागले तर हाताने थांबवलं. लेकीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. आई, तुला एकटीला रात्री श्वास लागतो. आई, घर तयार आहे. शेवटी ती रडायला लागली, आणि मॉरीनबाई पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिल्या की सोळा मुली आहेत, मी खुर्चीत बसून तर राहू शकते, नियमाला मी हजर लागते, धावती लागत नाही. फोन ठेवला. सिलिंडरचा काटा पाहिला. मृणालला म्हणाल्या, "चल, गाणं लाव."

त्यांच्या लेकीला मी कधी भेटले नाही. भेटले तर काय बोलणार? तिच्या आईचे सहा महिने मी घेतले, आणि ते कसे होते हे मी पुढचे तीन शनिवार त्या हॉलमध्ये बसून पाहिलं आहे. दर वीस मिनिटांनी त्या डोळे मिटत, ओठ निळसर होत, आणि मृणाल मुलींना ठेके घालून देता देता एक नजर दाराकडे ठेवत असे.

अमरावती

मी नोव्हेंबरात परतले. एप्रिलमध्ये मृणालने ती परीक्षा दिली, एकटी गेली. मे महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. "पास," ती म्हणाली. मी विचारलं, "किती परीक्षक होते?" "तीन. आणि कोणालाच काही माहीत नव्हतं." एवढं बोलून ती हसली. तिच्या मागे हॉल दिसत होता, दाराशी खुर्ची रिकामी. निकाल हाती येताच मॉरीनबाई आदल्या दिवशी रेडमंडला गेल्या होत्या. तिथे पोचल्यावर चार दिवसांत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आहेत, पण फार बोलत नाहीत, असं मृणाल सांगते. नाताळातच गेल्या असत्या तर काय झालं असतं, हे आम्ही दोघी बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मला अमरावतीच्या केंद्रावर परीक्षा घ्यायची होती. तिथल्या वर्गाच्या बाईंचा नेहमीप्रमाणे फोन आला, ताई, खोली तयार आहे, पुरणपोळ्या सांगितल्यात. मी म्हटलं, मी लॉजवर उतरणार आहे, आणि घ्यायला कोणी येऊ नका. त्या म्हणाल्या, आमचं काही चुकलं का? मी म्हटलं, तुमचं नाही, माझं. निकाल लागला की येते, पोटभर जेवेन. त्यांना ते पटलेलं नाही. सकाळी तरी डबा आलाच, मी तो न उघडता रिक्षावाल्याबरोबर परत पाठवला. बाई हॉलमध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत. सत्तावीस वर्षांची ओळख आहे आमची.

दहा वाजता पहिली मुलगी आत आली. बारा-तेरा वर्षांची, घाबरलेली. वाकून नमस्कार केला, हात जोडून उभी राहिली आणि पाठ केलेलं म्हणायला लागली, "माझं नाव—"

"नाव नको," मी म्हटलं. "नंबर सांग, आणि नाच."